विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून जुना लॅपटॉप भंगारात काढायचा का? आधी ‘ड्युअल बूट’ समजून घ्या

दापोली तालुक्यातलं आंजर्ले म्हटलं की कड्यावरचा गणपती आठवतो आणि समुद्राकडे निघालेली कासवाची इवलीशी पिल्लं. हंगामात इथल्या होमस्टेंमध्ये खोली मिळणं मुश्कील. आता समजा, अशाच एका होमस्टेचा सगळा कारभार आठ-दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतोय. बुकिंगचे ईमेल त्यावरच, बँकेचे व्यवहार त्यावरच आणि टॅलीतला हिशोबही त्यावरच. लॅपटॉप ठणठणीत आहे, पण त्यात आहे विंडोज १०.

आणि घोळ इथेच आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ लॅपटॉप बंद पडला असा नाही. पण सुरक्षेचे अपडेट आता आपोआप येत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे, तीही वेगळी नोंदणी केली तरच. बरं, विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप इथेच नापास होतात.

मग फुकट मिळणारं लिनक्स टाकायचं का? टाकता येईल, पण टॅली विंडोजसाठी बनलंय. श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइल दुसरीकडे उघडल्या की अगम्य अक्षरं दिसतात. म्हणजे विंडोज सोडवत नाही आणि त्यावर इंटरनेट वापरायची भीती वाटते. अशा वेळी कामी येतं ते ड्युअल बूट.

एका घरात दोन चुली

ड्युअल बूट म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवणं. कोकणात भावाभावांची वाटणी झाली की घर एकच राहतं, चुली मात्र दोन होतात. तसंच हे. हार्ड डिस्कचे भाग पाडले जातात, त्यांना ‘पार्टिशन’ म्हणतात. एका भागात विंडोज राहतं, दुसऱ्यात लिनक्स.

लॅपटॉप सुरू केला की आधी मदरबोर्डवरचा ‘यूईएफआय’ हा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो ‘बूटलोडर’ला हाक मारतो. लिनक्सच्या बूटलोडरचं नाव ‘ग्रब’. तो पडद्यावर यादी दाखवून विचारतो: विंडोज की लिनक्स? तुम्ही निवडाल ते सुरू होतं. एका वेळी एकच चालतं, त्यामुळे लॅपटॉपची पूर्ण रॅम त्यालाच मिळते.

पण सपोर्ट संपलेलं विंडोज शेजारी लिनक्स आलं म्हणून सुरक्षित होत नाही. म्हणून कामांचीही वाटणी करायची. ईमेल, बँक, बुकिंग लिनक्सवर. टॅली आणि जुन्या फाइल विंडोजवर, शक्यतो इंटरनेट बंद ठेवून.

आधी तयारी, मग वाटणी

बॅकअप घ्या. पार्टिशन लहान-मोठं करणं ही यातली सगळ्यात नाजूक पायरी. ती चालू असताना लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यातल्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. लाइटचा भरवसा किती, हे इथे कुणाला सांगायला नको. त्यामुळे फोटो, हिशोब आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण चार्ज हवी. बॅटरी मेलेली असेल तर यूपीएस लावा.

बिटलॉकर तपासा. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कला हे कुलूप लागलेलं असतं. बूटची रचना बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा आत असूनही हाती लागत नाही. आधीच कागदावर लिहून ठेवा.

फास्ट स्टार्टअप बंद करा. हे चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्समधून त्याच्या फाइलमध्ये बदल केले तर त्या खराब होण्याची भीती असते.

जागा विंडोजमधूनच मोकळी करा. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह ‘श्रिंक’ करा. लिनक्स मिंटला कमीत कमी २० जीबी जागा लागते. रोज वापरायचं असेल तर १०० जीबी द्या. रॅम किमान २ जीबी, ४ असेल तर उत्तम.

मिंटची फाइल साधारण ३ जीबीची, उबुंटूची त्याच्या दुप्पट. मोबाइलच्या रोजच्या डेटा पॅकवर ती एका दिवसात उतरणार नाही. रेंजचाही प्रश्न असेल तर दापोलीला गेल्यावर चांगल्या वायफायवर उतरवून घ्या. मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ‘रूफस’सारख्या प्रोग्रॅमने ती टाका. नुसती कॉपी करून चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं यात पुसलं जातं.

लगेच इन्स्टॉल करू नका

पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, प्रिंटर ओळखला जातोय का, हे आधी तपासा. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात असतोच. सगळं जमलं की इन्स्टॉल सुरू करा आणि ‘विंडोजच्या शेजारी बसवा’ हा पर्याय निवडा. ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्याय तिथे जवळच असतो. त्यावर क्लिक झालं तर विंडोजसकट सगळं जातं.

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरचे व्हिडिओ मराठीतही आहेत. नवख्यांनी ते जरूर बघावेत.

नंतर काय बिघडू शकतं?

पहिली गंमत घड्याळाची. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. कारण लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. लिनक्सच्या सेटिंगमध्ये एक बदल केला की हे सुटतं.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट कॉम्प्युटरवर लिनक्स सुरूच होईना. घर एक असलं की एकाच्या दुरुस्तीचा धक्का दुसऱ्याला बसतो, तो असा. म्हणून तो लिनक्सचा पेनड्राइव्ह पुसू नका. अडचणीच्या वेळी त्यावरूनच आत शिरता येतं.

तिसरं, लिनक्स नको झालं म्हणून त्याचं पार्टिशन थेट उडवू नका. ग्रबच्या फाइल त्यातच असतात, त्यामुळे विंडोजही सुरू होताना अडू शकतं. आधी यूईएफआयमध्ये जाऊन विंडोजचा बूटलोडर पहिल्या क्रमांकावर आणा.

एवढं सांभाळलं तर हंगामाच्या तोंडावर नव्या लॅपटॉपचा खर्च टळतो. फक्त हे काम हंगाम संपल्यावर, बुकिंग नसताना करा. आणि सुरुवात बॅकअपपासूनच.