कोडला आडनाव असतं

“ओपन सोर्समध्ये दार सगळ्यांना उघडंच आहे, मग विविधतेचा वेगळा विषय कशाला?” लिनक्स असो, पायथॉन असो, ज्याचं कोड कुणीही वाचू-बदलू शकतं अशा कुठल्याही मोठ्या प्रकल्पात हा प्रश्न थोड्या थोड्या दिवसांनी उगवतो. विचारणारा बहुधा नवा असतो, त्यामुळे त्याला तो पहिल्यांदाच विचारला जातोय असं वाटतं. उत्तर मात्र त्याच त्या चार जणांना द्यावं लागतं, आणि गटात एखादी बाई असेल तर सगळे तिच्याकडेच वळतात. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरच्या कॉलेजांतून या कामात शिरू पाहणाऱ्यांच्या कानावरही तो येणारच. म्हणून त्यामागचे नेहमीचे गैरसमज एकदा तपासून घेऊ.

गैरसमज: पडद्याआड कोण आहे ते कुणाला दिसतंय? कोडला ना जात, ना लिंग.

दिसतं. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये केलेल्या प्रत्येक कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, नाव, ईमेल, तारीख, वेळ आणि वेळेपुढे +0530 असा वेळक्षेत्राचा आकडा उमटतो. म्हणजे माणूस भारतातला (फार तर श्रीलंकेतला) हे कोड वाचण्याआधीच कळलं. नावावरून बाई की पुरुष हेही बहुतेकदा कळतं. अमेरिकेत बसून कोड तपासणाऱ्याला आपल्या आडनावावरून काही उमगणार नाही, पण हिंजवडीत बसलेल्या मराठी माणसाला? आपल्याकडे नुसतं पहिलं नाव सांगितलं की समोरचा “पूर्ण नाव?” का विचारतो, हे श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. टोपणनाव घेता येतं, हे खरं. गाव श्रीरामपूर आणि तिथलं रेल्वे स्टेशन बेलापूर, अशा दोन नावांवर आपलीही वर्षानुवर्षं गेली. पण कुणी नाव लपवलं म्हणून इतरांची नजर सुधारत नाही.

कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट ही अनेक प्रकल्पांनी स्वीकारलेली आचारसंहिता आहे. तिच्या 2021च्या आवृत्तीत वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला ‘जात’ हा शब्दही घालण्यात आला. जगभर वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात तो उगाच आलेला नाही.

नजरेचा फरक मोजलाही गेला आहे. गिटहबवरच्या लाखो पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल स्वीकारा’ अशा विनंत्या) तपासलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात बायकांचं कोड स्वीकारलं जाण्याचं प्रमाण 79 टक्क्यांच्या आसपास निघालं, पुरुषांचं 75 च्या आसपास. मात्र प्रकल्पाला अनोळखी असलेल्या लोकांपुरतं पाहिलं, आणि प्रोफाइलवरून बाई की पुरुष हे कळत असेल, तर चित्र उलटं होतं. ओळख कळल्यावर पुरुषांचंही प्रमाण घसरत होतं, बायकांचं जास्त घसरत होतं. अनोळखी म्हणजे नवे, आणि विविधतेचा प्रश्न नव्यांचाच आहे.

गैरसमज: मुलींना आवडच नसते, त्याला कोण काय करणार?

2006 साली युरोपात झालेल्या एका पाहणीत मुक्त सॉफ्टवेअरमध्ये बायका दोन टक्क्यांच्याही आत निघाल्या, तर कंपन्यांच्या सॉफ्टवेअर विभागांत 28 टक्के. आवड नसती तर दुसरा आकडाही तितकाच खाली असता.

त्याच वर्षी ग्नोम या ओपन सोर्स प्रकल्पाकडे गूगलच्या उन्हाळी उपक्रमासाठी 181 अर्ज आले आणि त्यात एकही बाई नव्हती. मग ग्नोमने फक्त मुलींसाठी म्हणून वेगळा उपक्रम जाहीर केला, तर शंभराच्या आसपास अर्ज आले. उन्हाळा तोच, प्रकल्प तोच. फरक इतकाच की या वेळी नाव घेऊन बोलावलं होतं. त्यातून सहा जणी निवडल्या गेल्या आणि पुढे हाच उपक्रम आउटरीची म्हणून उभा राहिला.

शिवाय वेळेचं कुणी बोलत नाही. कॅलिफोर्नियात सकाळी दहाला ठेवलेली बैठक तिकडच्या उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहाला असते. तालुक्याच्या गावात घरी एकच खोली, त्यात माइक चालू करून इंग्रजीत बोलायचं. पुण्याच्या मेळाव्याला जायचं तर रात्रीची परतीची बस. हे मुलग्यालाही जड जातं, मुलीला घरून परवानगीही काढावी लागते. ‘कुणीही या’ म्हणणाऱ्याने घड्याळ कुणाच्या सोयीने लावलंय, तेही बघावं.

गैरसमज: वेगळा कार्यक्रम म्हणजे दर्जा घसरला.

इथे ‘आरक्षण’ हा शब्द हमखास येतो आणि वाद भलत्याच रस्त्याला लागतो. आउटरीचीत निवड होण्याआधी अर्जदाराला प्रत्यक्ष प्रकल्पात काम करून दाखवावं लागतं. ते काम बाकीच्यांसारखंच सगळ्यांसमोर तपासलं जातं.

गैरसमज: आचारसंहिता आली की चांगले लोक सोडून जातात.

लिनक्स कर्नलने सप्टेंबर 2018 मध्ये ती स्वीकारली, तेव्हा अशी भाकितं ढिगाने झाली. कर्नलची नवी आवृत्ती आजही दर नऊ-दहा आठवड्यांनी येते.

गैरसमज: तोच प्रश्न पुन्हा विचारणारा खोडसाळच असतो.

सरसकट नाही. पण दर वेळी कोऱ्या पाटीपासून सुरुवात करणंही शहाणपणाचं नाही. उत्तर एकदा नीट, आकड्यांसह लिहावं, त्यावर तारीख टाकावी आणि नव्याला तेच वाचायला द्यावं. वाचून जो पुढचं विचारतो, त्याच्याशी खुशाल तासभर बोलावं. उत्तर मिळताच मुद्दा बदलणारा आणि महिन्याने पुन्हा पहिल्यावर येणारा लवकरच ओळखू येतो. त्याला लिंक द्यावी आणि आपल्या कामाला लागावं. बगच्या चर्चेत हा विषय घुसला तर तो तिथून हलवून वेगळ्या जागी न्यावा, कारण बग तसाच राहतो आणि नवी आलेली मुलगी ते सगळं वाचून मुकाट निघून जाते.

कॉलेजात ओपन सोर्सचा क्लब काढणाऱ्यांनी या उत्तराचं पान पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवावं. ते लिहायचं आणि पुढची उत्तरं द्यायचं काम क्लबातल्या दोन मुलींच्या गळ्यात घालू नये. त्या कोड लिहायला आलेल्या असतात.