नव्या वस्तूचे जुनेपण

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. पहिल्या दिवशी ती चकचकीत होती. शाळा सोडताना मात्र तिचे कोपरे चेपलेले होते, कडीभोवतीचा रंग उडून पत्रा उघडा पडला होता आणि खाटेखालून ओढून काढताना तळाला एकाच दिशेचे ओरखडे उमटले होते. झाकणाच्या मधोमध, जेथे हात क्वचितच जाई, तेथील रंग तेवढा शाबूत होता. ती पेटी आम्हांला एका निराळ्याच कामात गुरुस्थानी लाभली. त्या कामाची ही हकीकत.

प्रदर्शनासाठी आम्ही विद्यार्थ्यांसह एका चित्रपटातील यंत्रमानवाची निम्म्या आकाराची प्रतिकृती केली. 1977 साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’मधील आर-टू-डी-टू हा तो यंत्रमानव. पांढरे नळकांडी शरीर, त्यावर निळ्या पट्ट्या आणि वर रुपेरी घुमट. शरीर प्लायवूड व प्लॅस्टिकच्या पत्र्याचे केले, तर घुमटासाठी गोल बुडाची अॅल्युमिनियमची कढई पालथी घातली. मापे बरोबर होती, रंगही जुळला होता. तरीही प्रतिकृती दुकानातून आणलेल्या खेळण्यासारखी दिसत होती.

याचे कारण चित्रपटातच आहे. तोवर पडद्यावरील अंतराळ बहुधा स्वच्छ व नवेकोरे असे. 1968 च्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’मधील यानाचे पांढरेशुभ्र अंतरंग आठवावे. दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांना मात्र वापरलेले, मळलेले, डागडुजी केलेले जग दाखवायचे होते. लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रण झाले. सेटची सजावट करणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांचे भंगार विकत घेऊन त्याचे सुटे भाग भिंतींना व यंत्रांना जोडले आणि सारे मळवले. कलादिग्दर्शनाचा ऑस्कर पुरस्कार ज्या चमूला मिळाला, त्यात तेही होते. प्रेक्षकाला ते जग खरे वाटले, कारण त्यात कुणीतरी आपल्या आधी राहून गेले आहे असा भास होत होता.

आमचा पहिला प्रयत्न फसला. तपकिरी रंग कालवून आम्ही तो सर्वत्र सारखा फासला आणि काचकागदाने सगळीकडे सारखेच ओरखडे काढले. यंत्रमानव जुना दिसण्याऐवजी मुद्दाम मळवलेला दिसू लागला. तेव्हा आम्ही अडगळीच्या खोलीतील एक जुनी पेटी आणून मध्ये ठेवली आणि प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारला : ही कशामुळे झाली? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. कारणावाचून काही घडत नाही, ही बुद्धांच्या शिकवणुकीची पायाभूत गोष्ट आहे. खरी झीज कारणाच्या मागोमाग येते, म्हणून ती कधीच सर्वत्र सारखी नसते.

मग सारे खरवडून पुन्हा आरंभ केला. हा यंत्रमानव मूळचा धातूचा असे मानले, तर रंग उडालेल्या जागी धातूच दिसायला हवा. म्हणून प्रथम संपूर्ण शरीराला रुपेरी रंग दिला आणि तो एक दिवस वाळू दिला. नंतर जेथे धक्के बसतील अशा कडा व पायांचे कोपरे ब्रशने ओले करून तेथे खडे मीठ चिकटवले. मीठ वाळल्यावर वरून पांढऱ्या रंगाचे हलके फवारे मारले. तो रंग वाळला की जुन्या दातांच्या ब्रशने मीठ झाडून टाकायचे व ओल्या फडक्याने पुसायचे. खड्यांखालची रुपेरी जागा वेडीवाकडी उघडी पडते आणि टवका उडाल्याचा हुबेहूब आभास होतो. निळ्या पट्ट्यांवरही हीच रीत वापरली.

दुसरा टप्पा मळाचा. काळा व तपकिरी अॅक्रिलिक रंग पाण्यात इतका पातळ केला की तो पाण्यासारखा वाहावा. हे पाणी सांध्यांत व खाचांत सोडले आणि दोन-तीन मिनिटांनी उंचवट्यांवरचे फडक्याने टिपून घेतले. खाचेत मळ साचतो, उंचवटा पुसला जातो. प्रत्यक्षातही असेच घडते. फडके नेहमी वरून खाली ओढले, कारण पाणी व तेल खालीच ओघळते. तेलाचा ओघळ काढताना त्याचा उगम एखाद्या सांध्यात किंवा स्क्रूपाशी असेल याची काळजी घेतली. ज्या ओघळाला उगम नाही, तो लगेच नजरेला खुपतो.

तिसरा टप्पा धुळीचा. वाळवंटात फिरणाऱ्याच्या पायांवर धूळ अधिक, छातीवर कमी. मुलतानी मातीत चिमूटभर गेरू मिसळून ती मऊ ब्रशने खालून वर विरळ होत जाईल अशी लावली. शेवटी झळाळी नसलेल्या वॉर्निशचा फवारा दिला. त्याखाली धूळ फिकी पडते, म्हणून ती आधी किंचित जास्त लावावी लागते. फवाऱ्याची कामे मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून आणि विस्तवापासून दूर केली.

एका विद्यार्थ्याने घुमटावर तांबडा गंज रंगवला होता. दुसरीने त्याला थांबवले. गंज लोखंडाला चढतो, अॅल्युमिनियमला नव्हे. अॅल्युमिनियम नुसते निस्तेज होते, फार तर त्यावर पांढुरके डाग पडतात. तो गंज पुसला गेला आणि रसायनशास्त्राचा एक धडा कायमचा लक्षात राहिला.

काम संपत आले तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, नवे असून जुने दाखवायचे, म्हणजे चौथे शील मोडत नाही का?” आम्ही थबकलो, कारण शंका रास्त होती. गांधार शैलीतील प्राचीन शिल्पे म्हणून बनावट बुद्धमूर्ती आजही बाजारात विकल्या जातात आणि त्यांनाही अशाच युक्त्यांनी जुनेपण आणलेले असते. तेथे त्या मळाबरोबर एक दावाही विकला जातो. नाटक-चित्रपटाचा प्रेक्षक मात्र आपण काय पाहतो आहोत हे जाणून बसलेला असतो. हात तेच, रंगही तेच. फरक आपण समोरच्याला काय सांगतो यात आहे. वारसा-वास्तूंच्या जतनासाठी 1964 साली झालेल्या व्हेनिस सनदेतही हेच तत्त्व आहे : नव्याने बसवलेला भाग मुळाशी सुसंगत असावा, पण तो मूळचा म्हणून खपू नये.

म्हणून आम्ही कढईचा घुमट उचलून आत ठळक अक्षरांत ‘प्रतिकृती’ असे लिहिले. त्याखाली वर्ष घातले आणि सर्व मुलांनी सह्या केल्या. प्रदर्शनात तोच मुलगा घुमट उचलून ती अक्षरे प्रत्येकाला आवर्जून दाखवत होता. बाहेरचे टवके पाहून थक्क झालेले पालक आतले अक्षर वाचून हसत, पण टवके पुन्हा पाहिल्याशिवाय पुढे जात नसत.

माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाची पत्र्याची पेटी अजून घरी असेल, तर तिला नवा रंग देण्यापूर्वी एकदा मुलांना समोर बसवावे आणि तिची एकेक खूण कशी झाली ते सांगावे.