जहाजाचा गज

ऑस्ट्रेलियाला किनारा किती, याची छापील उत्तरं निदान तीन सापडतात. तिथल्या सरकारी 'जिओसायन्स ऑस्ट्रेलिया'चा आकडा मुख्य भूमीपुरता ३५,८७७ किलोमीटर आहे. त्यात बेटांचा २३,८५९ किलोमीटर किनारा मिळवला की ५९,७३६ होतात. अमेरिकेच्या सीआयएचं 'वर्ल्ड फॅक्टबुक' मात्र २५,७६० सांगत आलं. देश तोच, समुद्र तोच, आणि फरक दुपटीहून जास्त. यात खोटं कुणीच बोलत नाही. लांब गज लावला की खाड्या, खाचा, भूशिरं त्याच्याखालून निसटतात. आखूड लावला की प्रत्येक खडकाला वळसा पडतो आणि किनारा लांबत जातो. आपल्याकडे तर हे नुकतंच घडलं. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर हे पिढ्यान् पिढ्या पाठ केलेलं; नव्या मोजणीत तो ११,०९८ निघाला. महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७७ वर गेला. (शाळेत ७२० लिहून आपण मार्क मिळवले, ते वेगळेच.) दरम्यान किनाऱ्यावर कुणी वाळूचं एक घमेलंही नवीन आणून टाकलेलं नव्हतं.

तेव्हा सिडनीहून निघायचं, ब्रिस्बेन, एअर्ली बीच, केर्न्स, डार्विन, ब्रूम करत फ्रीमँटलला उतरायचं, म्हणजे वरच्या अंगाने देशाला अर्धा वळसा घालायचा असं ठरल्यावर ह्यांनी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केलं, की आपला गज म्हणजे हे जहाज. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, नोकरीची सुरुवात कोयनेवर. मोजल्याशिवाय त्यांना कुठलीही गोष्ट पाहिल्यासारखी वाटत नाही. जहाजाची लांबी २९० मीटर, बारा डब्यांच्या लोकलपेक्षा थोडी जास्त. किलोमीटरला साधारण साडेतीन जहाजं. या गजाने मुख्य भूमीचा किनारा सव्वा लाख जहाजांचा भरतो.

जहाजावर प्रवासी दोन हजार, कर्मचारी नऊशेच्या आसपास. मुंबईकराला याचं कौतुक वाटायचं कारण नाही; ऐन गर्दीच्या वेळी नऊ डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांवर माणसं असायची. कौतुक आहे ते या एकोणतीसशे जणांना पाठ टेकायला गादी असते, नळाला गोडं पाणी असतं आणि तीन वेळचं ताट असतं याचं. नुसत्या जेवणाची ताटं दिवसाला ८,७०० होतात. चहा-कॉफी आणि मधल्या वेळेला चरणारे यांचा हिशेब मी धरलेला नाही.

सिडनीत जहाज सर्क्युलर कीच्या धक्क्याला लागतं तेव्हा तेच सगळ्यात मोठं वाटतं. समोरचं ऑपेरा हाउसही त्याच्यापुढे बुटकं दिसतं. मग नजर हार्बर ब्रिजकडे जाते. त्याची कमान ५०३ मीटरची, म्हणजे पावणेदोन जहाजं. कमानीचा माथा पाण्यापासून १३४ मीटरवर, पण खालून जायला मोकळी जागा ४९ मीटरच. म्हणून मोठ्या क्रूझ जहाजांना पुलाच्या अलीकडेच, समुद्राच्या बाजूला थांबावं लागतं, धुरांडं अडतं. १९ मार्च १९३२ ला उघडलेल्या या पुलात ५२,८०० टन पोलाद आहे आणि सुमारे साठ लाख रिव्हेट. साठ लाख या आकड्याने डोक्यात काही हलत नाही. पण एक रिव्हेट कशी बसायची ते ऐकलं की हलतं. भट्टीवरचा माणूस लालबुंद रिव्हेट चिमट्याने उचलून हवेत भिरकावायचा, दुसरा ती बादलीत झेलायचा, आणि थंड व्हायच्या आत ती भोकात घालून ठोकली जायची. खाली बंदराचं पाणी. बांधकामात सोळा माणसं गेली. पुलाचं कर्ज फिटलं १९८८ साली.

ऑपेरा हाउसच्या छतावर १०,५६,००६ फरश्या आहेत, स्वीडनमधून आणलेल्या. मला त्यातल्या शेवटच्या सहांचं विशेष प्रेम. ह्यांना प्रेम वाटलं ते खर्चाच्या आकड्यांचं. अंदाज सत्तर लाख डॉलरचा, प्रत्यक्षात लागले दहा कोटी वीस लाख. मुदत चार वर्षांची, काम चाललं चौदा वर्षं, १९५९ ते १९७३. पैशांची तोंडमिळवणी बऱ्याच अंशी लॉटरीतून झाली. "म्हणजे सुप्रमा इथंही लागते!" हे इतक्या समाधानाने म्हणाले, की शेजारचं जोडपं वळून पाहू लागलं. सुधारित प्रशासकीय मान्यता हा शब्द धरणावर आयुष्य काढलेल्या माणसाला किती जवळचा असतो, हे त्यांना कसं सांगणार?

बंदर सोडताना त्यांच्या वहीत आणखी एक हिशेब झाला. ऑस्ट्रेलियात पाण्याचा मोठा साठा सांगताना लोक 'इतकी सिडनी हार्बर' असं सांगतात. एक सिडनी हार्बर म्हणजे सुमारे ५०० अब्ज लिटर. आपल्या भाषेत साडेसतरा टीएमसी. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी. "सहा हार्बर मावतात गं आपल्या शिवसागरात," हे म्हणाले, आणि त्यानंतर सिडनीचा दरारा त्यांच्यापुरता संपला.

ब्रिस्बेनबद्दल सांगण्यासारखं मला फार सापडलं नाही. घड्याळ एक तास मागे गेलं, एवढं लक्षात आहे. ऑक्टोबरात न्यू साउथ वेल्स उन्हाळी वेळ पाळतं, क्वीन्सलंड पाळत नाही. पुढे डार्विनला अर्धा तास आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना दीड तास मागे. एकूण तीन तास, तीन हप्त्यांत.

एअर्ली बीचला धक्का नाही. जहाज आत समुद्रात नांगर टाकतं आणि लोकांना टेंडर नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर सोडतात. एका होडीत शंभरेक माणसं, एका बाजूचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा. दीड हजार जणांना उतरायचं तर पंधरा खेपा, आणि तितक्याच परतीच्या. सकाळी थिएटरमध्ये बसून नंबराची वाट पाहताना 'क्रूझ' या शब्दातली सगळी चैन उतरते. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरच्या रांगेत बसल्यासारखं होतं. आमचा नंबर लागेपर्यंत ह्यांचा शेजारच्यांना कोयनेचा भूकंप समजावून झाला होता. व्हिट्संडेजमध्ये बेटं ७४. व्हाइटहेवनची वाळू जवळजवळ निव्वळ सिलिका, भर उन्हातही पायाला फारशी तापत नाही, हे खरं आहे.

जहाज लहान व्हायला लागतं ते इथून पुढे. ग्रेट बॅरियर रीफ २,३०० किलोमीटर लांब आहे, एकापुढे एक आठ हजार जहाजं लावावीत इतकी. रीफच्या संरक्षित सागरी उद्यानाचं क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळं पाण्यात बुडवलं, तरी वर साडेछत्तीस हजार चौरस किलोमीटर समुद्र शिल्लक राहील. ही एक सलग भिंत आहे असा माझा समज होता. आहेत ते तीनेक हजार वेगवेगळे खडक. आणि ते बांधणारा जीव काही मिलिमीटरचा. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि या जागी कोरडी जमीन होती, माणसं तिच्यावरून चालत होती. समुद्र वर चढला तसे प्रवाळ जुन्या खडकांवर नव्याने वाढत गेले. आज दिसतो तो वरचा थर गेल्या आठेक हजार वर्षांतला. त्याच्या शेजारी अलीकडची यादी ठेवून पाहा. पाणी तापून प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले ती वर्षं १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४, २०२५. या यादीतलं अंतर कसं आकसत गेलंय, ते कळायला गज लागत नाही.

केर्न्सहून उत्तरेला निघताना जहाजावर रीफ पायलट असतो. सत्तर मीटरहून लांब जहाजाला केर्न्स ते केप यॉर्क हा आतला मार्ग पायलटशिवाय ओलांडायची मुभाच नाही. का, ते जेम्स कुकने दाखवून दिलं. ११ जून १७७० च्या रात्री त्याचं 'एन्डेव्हर' इथेच खडकावर चढलं. सुमारे ३२ मीटरचं गलबत, आमच्या जहाजाचा नववा हिस्सा, वर नव्वदेक माणसं. हलकं करण्यासाठी त्यांनी चाळीस-पन्नास टन सामान समुद्रात फेकलं, सहा तोफांसकट. पुढच्या रात्रीच्या भरतीला ते सुटलं, पण ज्या खडकाने भोक पाडलं त्याचाच एक तुकडा भोकात अडकून राहिला होता, म्हणून तरलं. डागडुजीला आजच्या कुकटाउनजवळ जवळजवळ सात आठवडे लागले. त्या तोफा १९६९ मध्ये, म्हणजे १९९ वर्षांनी, सापडल्या. प्रवाळाने त्या इतक्या लपेटल्या होत्या, की शोधायला चुंबकीय यंत्र वापरावं लागलं.

टोरेस सामुद्रधुनीतल्या प्रिन्स ऑफ वेल्स खाडीमार्गाची रुंदी सर्वांत अरुंद ठिकाणी ८०० मीटर, म्हणजे पावणेतीन जहाजं, तीही आडवी. आम्ही डेकवर गेलो तेव्हा ओहोटीचा प्रवाह दोन्ही बाजूंनी भोवरे करत चालला होता आणि बहुतेक प्रवासी आत बिंगो खेळत होते.

डार्विननंतर माणसांचा आकडा शून्याकडे झुकतो. किंबर्ली प्रदेश सव्वाचार लाख चौरस किलोमीटरचा, हाही महाराष्ट्राहून मोठा, आणि वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. माणशी दहा चौरस किलोमीटर पडतात. आमच्या दोघांच्या वाट्याला वीस आले असते. पुण्यात आम्ही बाल्कनी आत घेण्यावरून सोसायटीशी भांडतो. रात्री डाव्या हाताला तास न् तास एकही दिवा दिसला नाही.

या सगळ्यात मला हलवून टाकलं ते ब्रूमच्या पाण्याने. सकाळी आम्ही शिडीने धक्क्यावर उतरलो. दुपारी परत आलो तर शिडी त्या दाराशी नव्हती. वरच्या दुसऱ्याच डेकला लावलेली. जहाज खाली गेलं होतं. इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक नऊ-दहा मीटरपर्यंत जातो, आणखी वर डर्बीला जवळजवळ बारा. तीन मजले पाणी, दिवसातून दोनदा वर आणि दोनदा खाली. मुंबईत मोठ्या उधाणालाही हा फरक पाच मीटरच्या आतच राहतो, आणि त्यावर आपल्याकडे पावसाळाभर बातम्या चालतात. शिवाय पाणी सारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा ठोकताळा असा, की सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मी भरती येते. नऊ मीटरच्या उधाणात त्या दोन तासांत साडेचार मीटर. म्हणजे मुंबईची जवळजवळ अख्खी मोठी भरती दोन तासांत उरकलेली.

हे असं का होतं, ते ह्यांनी मला धक्क्यावरच समजावलं. खुल्या महासागरात भरतीची लाट मीटरभराच्या आसपासच असते. पण या बाजूला किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटरपर्यंत समुद्रतळ उथळ आहे. लांबून येणारी लाट या उथळ उतारावर चढते, मागचं पाणी पुढच्याला गाठतं, आणि निमुळत्या आखातांत शिरल्यावर त्याला वर जाण्याखेरीज वाट उरत नाही. उतार आणि लांबी भरतीच्या बारा तासांच्या ठेक्याशी जुळली तर आणखीच. वर टॅल्बट बेमध्ये डोंगरातल्या दोन अरुंद फटींतून हे पाणी सुटायला बघतं आणि समुद्रावरच धबधबा तयार होतो, आडवा. माँटगोमेरी रीफ तर ओहोटीला समुद्रातून वर येतो आणि त्याच्या कडांवरून पाणी ओघळू लागतं. हे इतक्या तळमळीने बोलत होते, की शिडीवरचा पहारेकरी घड्याळ दाखवायला लागला. पाणी सांडव्यावरून जाताना बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला समुद्रानेच सांडवा बांधलेला दिसल्यावर दुसरं काय होणार?

मजा म्हणजे त्याच राज्यात, त्याच किनाऱ्यावर खाली फ्रीमँटलला भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो, आणि बहुतेक दिवशी भरतीही एकदाच येते. धक्क्यावरचा शेवाळाचा पट्टा वीतभर रुंद. ह्यांनी त्याकडे एकदा पाहिलं आणि वही खिशात घातली.

फ्रीमँटलला मात्र एक वेगळा आकडा आहे. ब्रिटनने ऑस्ट्रेलियात कैदी पाठवले ते १७८८ पासून. पहिल्या ताफ्यात अकरा गलबतं, सगळी मिळून चौदाशेच्या आसपास माणसं, इंग्लंडहून सिडनीला पोचायला आठ महिन्यांवर लागले. शेवटचं कैदी जहाज 'हॉगमाँट' जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलं. त्या ऐंशी वर्षांत ८०६ खेपांतून सुमारे १,६२,००० कैदी आले, सरासरी खेपेला दोनशे. आम्ही ज्या बंदरातून निघालो तिथे ही वाहतूक सुरू झाली, आणि आम्ही जिथे उतरलो तिथे संपली. आमच्या जहाजाने ऐंशी-एक्क्याऐंशी फेऱ्यांत तेवढे लोक आणले असते. आणि हल्ली या देशातली दहा लाखांहून जास्त माणसं वर्षाला हौसेने, पैसे भरून जहाजात कोंडून घेतात.

अर्ध्या वळशाला आमच्या जहाजाने सुमारे आठ हजार किलोमीटर कापले. सिडनीला परतायला विमानाला साडेचार तासही लागले नाहीत, पण जाताना तीन हप्त्यांत मिळालेले तीन तास त्याने एकरकमी कापून घेतले.