या घरात कोण घाबरले आहे?

“आपण भुतेखेते मानीत नाही, मग घरात भुताच्या गोष्टींचे पुस्तक कशाला?” असे अनेक आया आम्हांला विचारतात. मुलाने ग्रंथालयातून नारायण धारपांची कादंबरी आणली की आई ती फळीवरच्या डब्यांमागे दडवते. मुलगा ती शोधून काढतो आणि सगळे झोपले की वाचून संपवतो. आईचा प्रश्न रास्त आहे. परंतु सगळ्या भयकथा एकाच मापाने मोजणे बरोबर नाही, असे आमचे मत आहे.

भयकथा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात मुंजा, वेताळ, हडळ खरोखरच येतात आणि शेवटी कोणी मांत्रिक त्यांचा बंदोबस्त करतो. दुसऱ्या प्रकारात असते एक घर. त्या घरात काहीतरी बिनसलेले आहे एवढे वाचकाला कळते. भूत दिसत नाही, आणि दिसलेच तरी ते बाहेर आहे की पाहणाऱ्याच्या मनात, हे सांगता येत नाही. आम्हांला बोलायचे आहे ते या दुसऱ्या प्रकाराविषयी.

मराठीत या प्रकाराला मान मिळवून देणाऱ्यांत रत्नाकर मतकरी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांनी अनेक वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी करीत लेखन केले आणि १९७८ साली नोकरी सोडली. दिवसभर खातेवही सांभाळून रात्री असे लिहिणाऱ्या माणसाविषयी आमच्यासारख्या कारकुनाला जास्तच जिव्हाळा वाटतो! ते आपल्या कथांना गूढकथा म्हणत. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘रंगांधळा’ हे त्यांचे संग्रह आजही ग्रंथालयांतून वाचले जातात. त्यांतील माणसे तुमच्या-आमच्या शेजारची वाटतात, आणि त्यांची भीती मत्सर, लोभ, मनाला लागलेली बोच यांतून उगवते. याच मतकरींनी गावगाड्यात दलितांवर होणाऱ्या अत्याचारावर ‘लोककथा ७८’ हे नाटक लिहिले. पुढे ठाण्यातील वस्त्यांमधल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा करण्यात ते पुढे होते. २०२० साली ते गेले. गूढकथा आणि ‘लोककथा ७८’ एकाच लेखणीतून उतरावीत याचे आम्हांला नवल वाटत नाही. घरात दडवलेले ज्याला दिसते, त्याला गावात दडपलेलेही दिसणारच.

आता वाड्याकडे वळू. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली आला. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्यात राक्षस आहे, जखडून ठेवलेली म्हातारी आहे, पुरलेले धन आहे. पण आम्हांला अंगावर काटा आणते ती वाड्यात राबणारी विधवा. वाड्याच्या ‘सरकार’पासून तिला मुले झालेली आहेत, तरीही त्या वाड्यात तिला हक्काची जागा नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना अशा वाड्याच्या उंबऱ्याआत कधी घेतले गेले नाही. त्यांनी वाडा पाहिला तो मागच्या अंगाने, लाकडे फोडताना, मेलेले ढोर ओढून नेताना. पण आत काय चालते हे त्यांना पुष्कळ ठाऊक असे. परसातल्या विहिरीत सुनेने जीव दिला की थोड्याच दिवसांत गावात बोलबाला होई, विहिरीवर हडळ आहे, तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नका. हडळ म्हटले म्हणजे प्रश्न मिटला! सुनेने जीव का दिला, तिला कोणी छळले, हे विचारण्याचे मग कोणाला कारणच उरत नसे. भुताचा खरा उपयोग हा असा असतो. त्याचे नाव घेतले की चौकशी बंद होते. चांगली गूढकथा नेमके उलटे करते, ती बंद झालेली चौकशी पुन्हा उघडते.

याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत १८९२ साली शार्लट पर्किन्स गिल्मन या लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर मन खचलेल्या एका बाईला तिचा डॉक्टर नवरा विश्रांतीसाठी जुन्या मोठ्या घरात आणतो आणि माडीवरच्या खोलीत ठेवतो. खिडक्यांना गज आहेत. लिहायचे नाही, फार बोलायचे नाही, विचार करायचा नाही, असा दंडक. भिंतीला लावलेल्या पिवळ्या कागदाकडे पाहत ती दिवस काढते. हळूहळू तिला दिसू लागते की कागदाच्या नक्षीमागे एक बाई अडकली आहे आणि ती गज हलवते आहे. कथेत भूत कोठेच नाही. गिल्मन यांना स्वतःला बाळंतपणानंतर असाच त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी त्यांना लेखणीला हात लावू नका असे बजावले होते. त्यांनी लेखणी उचलली म्हणून ते दुखणे जगाला कळले.

त्याच देशातील शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ सालच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाऊस’ या कादंबरीतील एलेनॉर हिने तर आजारी आईच्या सेवेत अकरा वर्षे घालवली आहेत. स्वतःचे म्हणता येईल असे घर तिला नाही. म्हणूनच ते भयानक घर तिला ‘ये’ म्हणते तेव्हा ती जाते. ज्याला कोठेच जागा नाही, त्याला भीतीचे घरही आपले वाटू लागते, हे या कादंबरीने फार चांगले दाखवले आहे.

वाचक म्हणतील, आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत कुलूपबंद दालन कोठून असणार? आम्ही खारदांड्याला राहतो. एका बाजूला समुद्र आणि कोळीवाडा, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, मध्ये खेटून उभ्या खोल्या. येथे बंद दालन नसते, पण पोटमाळा असतो, मोरीचा अंधारा कोपरा असतो, पावसाळ्यात रात्रभर पत्रा वाजतो. आमच्या वस्तीच्या कामात आम्ही अशी घरे पाहिली आहेत. बाळंतीण सून झोपत नाही, बाळाला जवळ घेत नाही, मोरीत कोणी उभे आहे म्हणते. शेजारीण सांगते, खोली वाईट आहे, आधीच्या भाडेकरूचेही बरे झाले नाही. नवरा रात्रपाळीला, सासूला काही सुचत नाही, आणि कोणीतरी भगताचा पत्ता देतो. अशा वेळी खोलीला नावे ठेवून काय उपयोग? हजार बाळंतपणांत एखाद-दोन स्त्रियांना असा तीव्र मानसिक आजार होतो. मन उदास होण्याचा त्रास तर पुष्कळ जणींना होतो. वेळेवर उपचार झाले की ती बरी होते. उशीर झाला तर तिच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो.

पडद्यावरची गोष्ट पाहतानाही हा विवेक हवा. २००३ सालच्या ‘भूत’मध्ये मुंबईतल्या फ्लॅटमध्ये पछाडलेल्या बाईपुढे मनोविकारतज्ज्ञ हरतो आणि मांत्रिक बाई कामी येते. २००७ सालच्या ‘भूल भुलैया’त उलटे आहे, वाड्यातल्या सुनेचा आजार डॉक्टर ओळखतो. पण २०२२ साली त्याचा दुसरा भाग आला, तेव्हा मंजुलिका खरेच भूत होऊन बसली! करमणूक म्हणून दोन्ही पाहा, पण चित्रपट संपल्यावर मुलांशी बोला. या घरात कोण घाबरले होते? कोणाला? काय लपवले होते? मूल उत्तर शोधू लागले की त्याची भीती ओसरते आणि नजर तयार होते.

आणि खरोखरच्या घरात असे घडले तर? भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, औषधोपचारापासून रोखणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे शिक्षा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, हे विसरू नये. आपल्या भागाला जवळ जुहूचे कूपर रुग्णालय आहे, तेथे मनोविकार विभाग आहे. १४४१६ हा सरकारी ‘टेली मानस’चा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीतही बोलता येते. सुनेला घेऊन जाताना सासूने सोबत जावे. आणि वाटेत तिला एवढेच विचारावे, “तुला कशाची भीती वाटते गं?” मग ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐकून घ्यावे.