साचा घ्या, पण आधी उघडून बघा!

मिनी-प्रोजेक्टचं सबमिशन आठ दिवसांवर आलं की होस्टेलमध्ये 'लॉगिन पेज आहे का रे कोणाकडे?' म्हणत जो तो खोल्या पालथ्या घालतो. मग पेन ड्राइव्हवरून कुठल्या तरी सीनियरचं फोल्डर येतं. ते कोणी केलं, कोणत्या व्हर्जनवर केलं, देव जाणे! म्हणून यंदा आम्ही चौघं मिळून रेल्सच्या टेम्प्लेट्सची देवाणघेवाण करायला कॉलेजपुरती एक साइट बनवतोय.

टेम्प्लेटला मराठीत काय म्हणायचं? मी पडलो कॉन्व्हेंटवाला! रूममेट म्हणाला, "साचा म्हण." शब्द छान आहे, पण पुरता बसत नाही. मोदकाचा साचा स्वतःहून काही करत नाही, सारण आपणच भरायचं. रेल्सची अॅप्लिकेशन टेम्प्लेट मात्र चक्क एक रुबी प्रोग्राम असते. डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने बेसकॅम्पच्या कामातून काढलेलं रेल्स २००४ मध्ये सगळ्यांना खुलं झालं आणि ही टेम्प्लेटची सोय २००९ मध्ये रेल्स २.३ बरोबर आली. नवीन अॅप्लिकेशन तयार करताना टेम्प्लेटचा पत्ता द्यायचा, की ती लागणाऱ्या लायब्ररीज जोडते, फाइली बनवते, राउट्स लिहिते, वर हव्या त्या कमांडही चालवते. दोन दिवसांची हमाली चहा होईपर्यंत उरकते.

म्हणजे हा साचा नव्हे, आचारी आहे! आणि अनोळखी आचाऱ्याला आपण स्वयंपाकघराची किल्ली देतोय. तुमच्या मशीनवर तुम्हाला जे करता येतं ते सगळं त्या प्रोग्रामलाही करता येतं, अगदी फाइली उडवणंसुद्धा. फायनल इयरचा रिपोर्ट त्याच लॅपटॉपवर असतो, विसरू नका. म्हणून आमच्या साइटवर आधी पूर्ण कोड दिसेल आणि चालवायची कमांड त्याच्या खाली. पण तेवढ्याने भागत नाही. तुम्ही आज कोड वाचलात आणि लिहिणाऱ्याने रात्री तो बदलला तर? यावर तोडगा असा की बदललेल्या टेम्प्लेटला नवा पत्ता मिळेल, जुन्या पत्त्यावर जुनाच कोड राहील.

व्हर्जनचा रकाना सक्तीचा आहे. २०१० मध्ये रेल्स ३ आलं तेव्हा राउट्स लिहायची पद्धत बदलली, बंडलर आलं आणि २.३ च्या कितीतरी टेम्प्लेट्स आडव्या झाल्या.

खरा वाद झाला तो लायसन्सवरून. 'दिलं म्हणजे सगळ्यांचं' असा आपल्याकडे समज आहे. तसं नसतं, लायसन्स लिहिलं नसेल तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. आम्ही एमआयटी लायसन्स ठेवलंय, रेल्सचंही तेच आहे. वापरा, बदला, विका, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर काढू नका. आमच्यातला एक म्हणाला, "दुसऱ्याचं नाव ठेवलं तर व्हायवात सर विचारतील की!" विचारू देत ना. लॉगिन पेज कुणाचं ते सांगायचं आणि त्यावर आपण काय रचलं ते दाखवायचं. मार्क त्याचेच असतात.

सध्या दोनच टेम्प्लेट्स तयार आहेत: एक लॉगिनची, दुसरी मेसच्या हिशोबाची. तिसरी लायब्ररीच्या पुस्तकांसाठी हवी आहे. कोणी लिहिली असेल तर व्हर्जन नंबर घालून आणा.