बेटावरील सुट्टी आणि समुद्रस्नान

मे महिन्याची सुट्टी जवळ आली म्हणजे घरोघरी प्रवासाचे बेत होऊ लागतात. पूर्वी ज्यांची धाव महाबळेश्वरापर्यंत किंवा फार तर कोकणापर्यंत असे, अशी काही कुटुंबे आता विमानाने दूरच्या बेटांवर जातात. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, बेटावर गेल्यावर समुद्रात मनसोक्त पोहता येईल ना? तलावात तर मी चांगला पोहतो." प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका शब्दात देणे आम्हांस धोक्याचे वाटले. ते नीट देता यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आम्ही स्वतः विहिरीत पोहावयास शिकलो, आणि त्याचा आम्हांस मोठा अभिमान होता. कॉलेजात असताना कोकणातील एका किनाऱ्यावर आम्ही समुद्रात उतरलो. दोन्ही बाजूंस लाटा फुटत होत्या, मध्ये मात्र पाणी शांत दिसत होते. म्हणून तीच जागा आम्ही निवडली. थोड्याच वेळात पायाखालची वाळू सरकली आणि किनारा दूर जाऊ लागला. किनाऱ्याकडे तोंड करून आम्ही जिवाच्या आकांताने हात मारीत होतो. पण अंतर वाढतच होते. इतक्यात होडीतून एक वृद्ध कोळी ओरडला, "अरे, सरळ येऊ नको, आडवा पोह!" आम्ही किनाऱ्याला समांतर काही अंतर पोहलो, तोच पाण्याची ओढ सुटली आणि लाटांनीच आम्हांस वाळूवर आणून सोडले. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेले पाणी ज्या वाटेने समुद्रात परत जाते, त्या वाटेवर लाटा कमी फुटतात आणि अजाण माणसास तीच जागा सुरक्षित वाटते, हे त्या कोळ्याने नंतर आम्हांस समजावून दिले.

आमचे दैव बलवत्तर होते. सर्वांचे असतेच असे नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून बेट निवडताना रंगीत चित्रे पाहण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. समुद्राच्या लाटा अडविणारे काही आहे काय? आपण जातो तो ऋतू कोणता? आणि पोहणाऱ्यांवर नजर ठेवणारे कोणी आहे काय?

उदाहरणार्थ मॉरिशस बेट घेऊ. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांवर जे हिंदी मजूर गेले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे नांदत असून तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते. या बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीचा प्रवाळाचा, म्हणजे पोवळ्यांचा, बांध आहे. महासागराच्या लाटा या बांधावर फुटतात, आणि बांध व किनारा यांच्यामध्ये उथळ, शांत पाण्याचा पट्टा राहतो. त्यास लगून म्हणतात. चार्लस् डार्विन १८३६ साली या बेटावर उतरला होता. त्याचा प्रवाळांवरील ग्रंथ १८४२ साली प्रसिद्ध झाला. सूक्ष्म प्राण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रचलेली ही भिंत आज पोहणाऱ्या मुलांचे रक्षण करिते, हे सृष्टीतील एक मोठेच आश्चर्य होय.

परंतु भिंत आहे म्हणून निष्काळजी राहून चालत नाही. प्रवाळास स्वच्छ व खारे पाणी लागते. जेथे नदी गाळ आणि गोडे पाणी घेऊन समुद्रास मिळते, तेथे तो नीट वाढत नाही. म्हणून अशा ठिकाणी बांधास खिंडारे पडतात. लाटांबरोबर बांधावरून आत आलेले पाणी याच खिंडारांतून बाहेर पडते, आणि ओहोटीच्या वेळी तर त्यास विलक्षण जोर असतो. कोकणातील त्या शांत दिसणाऱ्या वाटेचेच हे मोठे रूप समजावे. बेटाच्या दक्षिणेस ग्री-ग्री येथे बांधच नाही. तेथे महासागर थेट कड्यांवर आदळतो. ते दृश्य दुरून पाहावे, पाण्यात उतरू नये.

शेजारच्या रेयुनियाँ बेटाचे उदाहरणही बोधप्रद आहे. ते बेट वयाने लहान असून तेथील ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. प्रवाळाचा बांध तेथे मुख्यतः पश्चिम किनाऱ्याच्या काही भागापुरताच आहे. शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ साली तेथील सरकारने लगून व पहाऱ्याच्या जागा वगळून अन्यत्र समुद्रस्नानास बंदी घातली. दोन बेटे एकमेकांच्या शेजारी, आकाशही तेच. परंतु किनाऱ्यांत केवढे हे अंतर!

आता ऋतूचा विचार. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील ऋतू आपल्या उलट असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ; त्यातही जानेवारी ते मार्च हे महिने अधिक भयाचे. जून ते सप्टेंबरपर्यंत आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला असतो आणि पश्चिम व उत्तर किनारे त्या मानाने शांत असतात. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तेथे सोयीची पडते. याच दिवसांत आपल्या लक्षद्वीपात मात्र पावसाळा तोंडावर आलेला असतो. तेथील बहुतेक बेटांच्या पश्चिमेस सुंदर लगूने आहेत. तथापि तेथे हिवाळ्यात जाणे अधिक चांगले.

तिसरा प्रश्न पहाऱ्याचा. जेथे जीवरक्षक असतात आणि पोहण्याची हद्द तरंगत्या खुणांनी आखलेली असते, तेथेच पोहावे. त्या हद्दीबाहेर मोटारबोटी फिरतात. खडकाळ तळावर पायांत रबरी जोडे असावेत; कारण दगडासारखा दिसणारा एक मासा तेथे पडून असतो व त्याचे काटे अत्यंत विषारी असतात. काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा आणि विलंब न लावता डॉक्टर गाठावा. एकट्याने कधीही पोहू नये. कोणी बुडू लागल्यास भावनेच्या भरात उडी टाकू नये; दोरी, फळी किंवा रिकामा डबा फेकावा आणि जीवरक्षकास हाक मारावी. एकास वाचविताना दुसराही बुडतो, असे वारंवार घडले आहे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, हॉटेलची खोली ठरविण्यापूर्वी तेथील किनाऱ्याची चौकशी करावी, आणि तेथे पोहोचल्यावर पाण्यात पाऊल टाकण्यापूर्वी एखाद्या स्थानिक मच्छीमारास विचारावे, "आज पाण्याला ओढ कोठे आहे?" असा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही. आमच्या त्या विद्यार्थ्यासही आम्ही हेच सांगितले: "बाळ, अवश्य पोह, परंतु तलाव तुला ओळखतो, समुद्र ओळखत नाही. प्रथम त्याची ओळख करून घे."