शंभर टक्क्यांच्या पुढची ओळ

अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याला फौज नवी नाही. इंग्रजांच्या काळात अचलपूरची छावणी इथेच होती आणि गाव तिच्याभोवतीच वाढलं. छावणी उठून शतक उलटलं, तरी इथून भरती होणं थांबलं नाही. इथल्या माजी सैनिकांचे पेन्शनचे कागद वाचून देणारे एक निवृत्त सुभेदार आहेत. त्यांच्यासोबत एका निवृत्त नायकाच्या घरी गेलो.

ड्युटीवर असताना लष्करी गाडीच्या अपघातात नायकसाहेबांचा मणका मोडला. खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे, तिथे ते काही काळ होते. आता घरी असतात. कमरेखाली संवेदना नाही, हातांतही फार जोर नाही.

त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलतात. गुडघा खाटेच्या पाटीला टेकवून, अंगाखालची चादर दोन्ही मुठींत धरून, चादरीसकट वळवतात. मग टाचा, खुबे, माकडहाड तपासतात. लाल डाग दिसला तर बोटानं दाबून बघतात. लाली जात नसेल तर त्या अंगावर निजवत नाहीत. दुखणं कळतच नाही, त्यामुळे जखम डोळ्यांनीच पकडावी लागते. लघवीची पिशवी बदलणं, आंघोळ, खुर्चीत बसवणं हे वेगळंच. रात्रीही गजर लावलेला असतो.

सुभेदारांनी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, उघडला. सेवेपोटीचा सर्व्हिस एलिमेंट होता, अपंगत्वापोटीचा डिसॅबिलिटी एलिमेंट होता, अपंगत्व 100 टक्के लिहिलेलं होतं. ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’ची ओळ मात्र कुठेच नव्हती.

हा भत्ता अपंगत्वाच्या पेन्शनहून वेगळा. सेवेमुळे आलेलं अपंगत्व 100 टक्के असेल आणि निदान तीन महिने तरी सतत सोबतीला माणूस लागेल असं मेडिकल बोर्डानं म्हटलं, तरच तो मिळतो. 1 जुलै 2017 पासून तो महिन्याला 6,750 रुपये झाला. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हा भत्ता 25 टक्क्यांनी वाढवायची तरतूद आहे. सरकारी दवाखान्यात भरती असल्याच्या काळात तो मिळत नाही.

वहिनी म्हणाल्या, “हे तं घरचंच काम हाये नं जी. याचे कोनी पैसे देते काय?”

“देते, वहिनी. पन बोर्डानं तसं लिहा लागते,” सुभेदार म्हणाले आणि रेकॉर्ड ऑफिसच्या नावे अर्ज लिहायला बसले. नायकसाहेबांनी आधी सांगितलं होतं, “फार त्रास होतो असं लिहा.” सुभेदारांनी ते लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं: स्वतः कूस बदलता येत नाही. स्वतः खुर्चीत बसता येत नाही. पिशवी स्वतः बदलता येत नाही. दुसऱ्याच्या मदतीशिवाय शौच, आंघोळ होत नाही. प्रत्येक वाक्य वहिनींना विचारून. सोबत पीपीओ आणि जुन्या बोर्डाच्या अहवालाची प्रत जोडली.

हा लेखनाचा धडा मला फार मोलाचा वाटतो. त्रास मोजता येत नाही. कोणतं काम दुसऱ्याच्या हाताशिवाय होत नाही, हे डॉक्टरांना तपासता येतं. पण ही जाण एखाद्या सुभेदाराच्या ओळखीवर अवलंबून का राहावी? पीपीओवर 100 टक्के दिसले, की सोबतीच्या माणसाचं काय, हे सरकारी यंत्रणेनं आपणहून विचारलं पाहिजे. आणि तोवर कुटुंबांनी अमरावतीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन ते स्वतः विचारावं. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.